मानशीचं दार

चोडणला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत
एकवीस कविता होत्या, सगळ्या तुझ्यावर,
तुला जेमतेम दोनदा पाहिलेलं असताना.
त्यात तू समुद्र होतास.
फेरीबोटीत तुझी आत्या हसली :
अगो, हंय खंयचो दर्या,
ही मांडवी, नि पल्याड चिखल.

पहिल्या वर्षी मी तुला नदी केलं.
मग वही संपली, मुलगी झाली,
आणि गुरुदास, खरं सांगते,
पुढची बारा वर्षं तू माझ्या एकाही ओळीत नाहीस.
लिहीत होते मी. शाळेची हजेरी,
वाणसामान, तुझ्या आईच्या गोळ्यांच्या वेळा,
आणि एकदा, रागाने, कॅलेंडरच्या एका पानामागे :
या माणसाला घोरण्याखेरीज भाषा नाही.

तू तेव्हा बांधावर असायचास, रात्री-अपरात्री,
गुडघाभर चिखलात, दातांत टॉर्च.
खारं पाणी आत शिरलं
की कोरगुटसुद्धा तीन वर्षं मान वर काढत नाही.
मी मुलांना शिकवायचे, मानस म्हणजे मन.
तुमच्या गावात ती लाकडाची असते.
दोन फळ्यांचं दार :
भरतीला बाहेरचं पाणी ते मिटतं,
ओहोटीला आतलं उघडतं.
मग तू रात्रभर तिथे करतोस काय?
गाळ काढतो, म्हणालास,
आणि कुजलेली फळी वेळेवर ओळखतो.

मला ते उत्तर आवडलं नव्हतं.

आता फोंड्याच्या संमेलनाला
माझी एक प्रेमकविता हवी आहे. दहा मिनिटं.
तरुण मुलं येणार आहेत, बाई, जुनी असली तरी चालेल.
जुन्या काढून वाचल्या.
किती चांदणं, किती ते विशेषणांचं लोणी,
आणि त्या एकवीस कवितांतल्या माणसाला
कशाचीच अ‍ॅलर्जी नाही,
त्याचे पाय कधी भेगाळत नाहीत.

मग माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी,
ते कॅलेंडर.
माझ्या ओळीच्या खाली, पेन्सिलीने, तुझं अक्षर :
भरती ३.१०, ओहोटी ९.२०.
त्याखाली दुसऱ्या दिवशीची. मग तिसऱ्या.
पान भरलं तेव्हा समासात, आडवी, उभी,
माझ्या अक्षरांना कुठेही न लागता.
म्हणजे रोज वाचत होतास.
रोज ते पान उलटं करून, ती ओळ वाचून,
खाली पाण्याची वेळ लिहून
निघत होतास.

मी ते तुझ्यासमोर धरलं.
चष्मा शोधलास, पाहिलंस, म्हणालास,
कागद बरो आशिल्लो, वाया कित्याक घालचो?

फोंड्याला हेच वाचीन म्हणते.
तुझी एकच चिंता :
दहाची वीस मिनिटं करू नकोस,
रायबंदरहून शेवटची फेरी चुकेल.