मोजलेला हात

महालातल्या टाऊन हॉलमध्ये
मी बावीस वर्षं हात मोजले.
घंटी वाजली की बोलायचं नाही,
पेन्सिलीनं हवेत एकेक मनगट टिपत जायचं :
गंड्याचं, कड्याचं, महागड्या घड्याळाचं,
एक तर नेहमी झोपेतून उठून वर येणारं.
चेहरा बघितला की मोजणी चुकते,
हे ढबाले हेडक्लार्कनी
पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी महापौरपदाला तिघे होते.
आष्टनकर एकसष्ट, ढोमणे अठ्ठावन्न,
शेवंता बारापात्रे अठ्ठावीस.
निम्म्याच्या वर कोणीच नाही.
तिसरी बाद, दोघांत पुन्हा मतदान,
असं साहेबांनी वाचून दाखवलं
आणि मधल्या पाऊण तासात
जिन्यावर, संडासाच्या बोळीत, जीपच्या आडोशाला
त्या अठ्ठावीस माणसांशी जो तो इतकं गोड बोलला
की बाहेरच्या ठेल्यावरचे तर्रीपोहे संपले
आणि आतला कुलर बंद पडलाय
हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

बारापात्रेबाई जागेवरून हलल्या नाहीत.
तांडापेठेतल्या. मागावर वाढलेल्या.
उजव्या तर्जनीला धोट्यानं पाडलेला घट्टा.
चेहरे बघत नसलो तरी तो हात मला पाठ होता.
पाच वर्षं दर सभेत तो वर व्हायचा,
"साहेब, आमच्या गल्लीत पाणी येऊन नाही राहिलं,"
आणि इतिवृत्तात मी लिहायचो :
सदस्यांनी चर्चेत भाग घेतला.

दुसरी फेरी.
आष्टनकरांच्या बाजूनं कोण?
हातांचं रान उभं राहिलं.
सत्तर. एकाहत्तर. खांबाआडचा धरून बहात्तर.
त्र्याहत्तर.
पेन्सिल खाली येणार
तेवढ्यात मागच्या रांगेत तो हात हलला.
पुरता वर नाही. खांद्याच्या जरासा वर.
बोटं मिटलेली, अंगठा ओठांकडे.
मे महिना. कुलर बंद.
मी लिहिलं : चौऱ्याहत्तर.

ढोमण्यांना त्र्याहत्तर.
गुलाल उधळला, संदल वाजायला लागलं.
हरकत कोणीच घेतली नाही.
बाईंनीही नाही.
त्या गर्दीतून वाट काढत माठापर्यंत गेल्या,
उभ्याउभ्या दोन गिलास प्यायल्या,
पदरानं तोंड पुसलं.

रिटायर झाल्यावर एकदा
गोळीबार चौकाच्या अलीकडे दिसल्या,
टँकरच्या रांगेत, दोन पितळी गुंड घेऊन.
इतकी वर्षं दातात अडकलेलं विचारून टाकलं :
बाई, त्या दिवशी ते मत होतं, की...

त्या हसल्या.
"तुमी मोजलं नं जी?
पाच वर्सांत येकडाव तरी मोजलं."

रांग हलली. गुंड पुढे सरकवत म्हणाल्या,
"थे जाऊ द्या.
टँकर कोन्या बाजूनं येते,
तेवढं पाहा बरं जरा."