सतरा नंबर

फ्रिसलंडमध्ये जमीन समुद्राच्या खाली आहे.
शाळेत सांगतात तेव्हा हे कळत नाही.
पंपघराच्या तळघरात, नोव्हेंबरात,
भिंतीला हात लावला की कळतं.

तीन पंप. तीन नवे कंट्रोलर,
अंगठ्यानं दाबून, खट् करून पट्टीवर बसवलेले.
हिरव्या केबली, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी.
पत्ते मी आदल्या रात्रीच लिहून आणले होते,
शेवटचा आकडा तेवढा वेगळा, बाकी कूळ एकच:
पंधरा, सोळा, सतरा.

वीब्रेन, इथला राखणदार, दारात उभा.
हातातली कॉफी मला द्यायची की आपण प्यायची
हे त्याचं अजून ठरत नव्हतं.
"एकतीस वर्षं मी हे कानानं चालवलं," म्हणाला.
मी म्हटलं, यालाही कान आहेत,
दर दहा मिलिसेकंदांनी ऐकतो:
पाणी किती, मोटर किती तापली, झडप कुठे.
मग विचार, मग हुकूम, मग पुन्हा ऐकणं.
"आणि डुलकी लागली तर?"
तर शेजारचा बोंब मारतो.
वीब्रेन हसला नाही. कॉफी त्यानंच प्यायली.

पंधरा लागला. सोळा लागला.
सतरा लागायचा आणि जायचा,
दिवा हिरवा, लाल, हिरवा, लाल.
कनेक्टर कापून नवे दाबले, आठही तारा रंगांच्या ओळीत.
स्विच बदलला.
शिडीसारखा मांडलेला प्रोग्राम
वरच्या पायरीपासून उतरत पाहिला,
एकही पायरी मोडलेली नाही.
कुठेतरी पाणी मुरत होतं,
आणि पंपघरात उभं राहून असं म्हणू नये.

साडेचारलाच अंधार पडला.
वैतागून मी सतराची केबल उपटली,
आणि ती मुठीत असतानाच, सवयीनं,
लॅपटॉपवरून सतराला हाक मारली.

उत्तर आलं.

केबल माझ्या मुठीत होती.
पुन्हा हाक, पुन्हा उत्तर,
शांत, वेळेवर,
दुपारभर कुणी आपल्या नावानं
दुसऱ्यालाच बोलावतंय हे सहन केलेल्या माणसासारखं.

स्विचच्या एका भोकातून एक करडी तार निघाली होती.
नकाशात ती नव्हती.
भिंतीतून, मीटरच्या खोलीतून,
वीब्रेनच्या सायकलीमागून, गमबुटांच्या फळीमागे
पिवळी पडलेली एक पेटी, वर बोटभर धूळ,
आणि चिकटपट्टीनं लावलेला कागद:
बंद करू नका. वाम.

"श्यूर्डचं अक्षर," वीब्रेन म्हणाला.
चौदा वर्षं झाली श्यूर्डला जाऊन.
शरदात, चंद्र नसलेल्या रात्री
चरांमधले वाम मासे समुद्राकडे निघतात
आणि वाटेत पंपाची पाती असतात.
पेटी एवढंच करत होती:
त्या रात्री तिसरा पंप वीस मिनिटं थांबवायचा,
बाजूची छोटी झडप उघडायची.

वीब्रेन बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.
"मला वाटायचं पंप थकलाय," म्हणाला.
"थांबला की उठून यायचो.
हातानं चालू करायचो.
दर वेळी."

मी काही बोलले नाही.
नव्याला अठरा नंबर दिला;
आधी राहायला आला त्याचा पत्ता.
नकाशावर पेन्सिलीनं चौकोन काढला, आत सतरा.
शिडीला एक पायरी जोडली:
सतरा सांगेल तेव्हा थांब.
हातानं चालू करायचं बटण
मी निकामी करू शकले असते.
केलं नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तिसरा पंप थांबला.
इतकी शांतता की दोघांनाही छताकडे बघावंसं वाटलं.
वीब्रेनचा हात बटणाकडे निघाला,
अर्ध्यात आला,
आणि खिशात गेला.

खाली पाणी काळं होतं. काही दिसलं नाही.
मी अजून एकदा हाक मारली, गरज नसताना.
सतरा. एक मिलिसेकंद.