फोटो तोच

पापाच्या तिकटीमागच्या बोळात माझं फ्लेक्सचं दुकान.
नऊ मेला इंद्रजितचा फोटो आला:
गॉगल, मनगटात कडं, दहा बाय पंधरा.
"मागं सिंह टाका, भाऊ."
टाकला.
खाली बावीस पोरांची तोंडं, वाटाण्याएवढी.

तेवीस मेला तीच फाइल पुन्हा उघडली.
सिंह काढला. ढग टाकले.
गॉगल निघेना.
त्याच्या डोळ्यांचा फोटो कुणाकडंच नव्हता,
आईकडंसुद्धा.
खाली तीच तोंडं. एकवीस.
एक कळंब्याला, आत.

पैसे घेतले मी, ते सांगायला पाहिजे.
दोन्ही वेळचे घेतले.

समुद्रे सिस्टर रक्तदानाचा बोर्ड करायला आली होती.
स्क्रीनकडं बघत उभी राहिली.
"हा माझ्याच ड्युटीला आला. रात्री दीड. पोटावर टॉवेल.
आणणारी पोरं खाली पार्किंगला थांबली,
गाड्या बंदच करंनात.
तो आवाज वॉर्डात ऐकू येत होता, तेव्हाच कळलं,
अजून एक येणार.
पण सांगायचं कुणाला?"
विचारलं तिनं मला.
मी बोर्डाचा साइज विचारला.

चार दिवस तो आवाज माझ्या मशीनमधनं येत राहिला.
मग तिला घेऊन हौदाच्या तालमीत गेलो.
हिंदुराव वस्ताद, वय बहात्तर, गुडघे गेलेले,
लाल मातीत पाय सोडून बसलेले.
मुल्लाणी हवालदार साध्या शर्टात आले.
नववीतनं गळालेल्या पोरांची यादी
कवठेकर बाईंच्या पर्समध्ये होती.
"ही पोलिसाला मिळणार नाही," बाई म्हणाल्या.
"मागितली कुणी?" मुल्लाणी म्हणाले.
चहा तसाच निवला.

ठरलं ते एवढंसंच.
जखमी आला की सिस्टरनं वस्तादांना फोन लावायचा.
वस्ताद पार्किंगला पोचले की
अर्धा तास खाकी गेटच्या बाहेर.
साहेब मुल्लाणींवर ओरडले म्हणे. ओरडू देत.
उद्यमनगरात बाबालालनं ग्राइंडरवर पाटी लावली:
कोयत्याला धार पाहिजे तर सोबत ऊस आणा.
मी तलवारी छापायचं सोडलं.
त्या महिन्यात अकरा हजार कमी आले;
गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं,
तिथं सिंह अजून मिळतो.

श्रावणात प्रज्योतच्या मांडीत चाकू.
एक वाजून दहा मिनिटं.
वस्तादांना माझ्या स्कूटरवर मागं बसवून नेलं.
सात गाड्या, सातही चालू, लाइट डोळ्यांवर.
म्हातारा मधोमध जाऊन उभा राहिला,
टोपी काढून उलटी धरली,
भिक्षेला धरावी तशी.
"किल्ली टाक."
कुणी हललं नाही.
"तुझ्या बापाचं नाक मी मातीत घासलंय, किल्ली टाक."
एक हसला. हसला तो पहिला.
टोपीत सहा किल्ल्या पडल्या.
सातवी गाडी फाटकातनं गेली.

तो पहाटे गंगावेशीत सापडला,
धारोष्ण दुधाचा पेला दोन्ही हातांत,
तरी हिंदकळत होता.
कोयता सीटखाली. कोरा.
वस्ताद शेजारी बसले, स्वतःलाही एक पेला मागितला.
बोलले नाहीत.

ती रात्र निभली.
सगळ्या निभत नाहीत; दिवाळीला एक निभली नाही,
आणि सिस्टरचा फोन तेव्हा चार्जिंगला होता.
त्यावर ती अजून बोलत नाही.

काल एक पोरगं आलं, अठरावा वाढदिवस.
"सिंह नाही," मी म्हटलं.
"बरं, मग मावळता सूर्य टाका."
"गॉगल काढ."
"कशाला?"
"काढ तर."
उजेडाकडं तोंड करून उभं केलं.
मोबाइल धरला.
पापणी लवली.
दुसरा काढतो, थांब.