आधी वापरून पाहा

घणसोलीच्या मढव्यांचा जयदीप पेनड्राइव्ह घेऊन आला.
म्हणाला, काका, लिनक्स. फुकट आहे, पण स्वस्त नाही.
पडद्यावर दोन बटणं:
वापरून पाहा. बसवून टाका.
लग्नात, नोकरीत, कोपरखैरण्याचं हे घर घेताना
पहिलं बटण कुणी दाखवलं नव्हतं.

जुनं विंडोज ऐन पत्रिकांच्या घाईत
अपडेट घ्यायला बसायचं,
पानं वाढल्यावर कुणी पूजेला बसावं तसं.
पुतणीचं मॅक देखणं,
पण खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारा.

मी माझी परीक्षा घेतली.
टाइप केलं ‘दर्या’, खाली ‘दऱ्या’.
समुद्राचा र डोक्यावर चढला,
डोंगरांचा र मधेच वाकून बसला.
तीस वर्षं लग्नपत्रिका जुळवतोय,
एवढ्यावर मी मुलगी दिली असती.

प्रिंटरने मात्र ओळखच दाखवली नाही.
अकरा वर्षांचा शेजार
आणि कोरा कागद.

जयदीप म्हणाला, राहू द्या दोन्ही.
आता रोज सकाळी काळ्या पडद्यावर दोन ओळी
आणि दहा सेकंद.
मी चष्मा शोधतो.
नऊ. आठ.
फ्रिजवर नाही.
सापडेपर्यंत
त्याचं त्यानेच ठरवलेलं असतं.