काय सोडायचं

काशीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं,
सकाळी आठला.
म्हणून सव्वासातपासून टेबलावर
आईचं आधारकार्ड, बाबांचं आधारकार्ड
आणि बाबा 'दौलत' की 'दवलत'
यावरून चाललेला जुनाच वाद.

कोपरखैरणे, सेक्टर सात.
खाली इस्त्रीवाल्याने कोळसे पेटवलेत.
आम्ही खिडकी लावतो,
धूर जिन्याने वर येतो.

दोन्ही बर्थ खालचेच हवेत.
बाबांचा डावा गुडघा वाकत नाही.
आईचा वाकतो, पण आज ती म्हणते,
माझाही कुठे वाकतोय.

देवरुखकर काकू गेल्या माघात जाऊन आल्या.
त्यांनी वहीचं पान फाडून पाठवलंय:
नावाड्याशी आधी भाव ठरवा, मग नावेत पाय.
गडू इथूनच न्या, तिथले पत्र्यासारखे.
माकडांसमोर चष्मा काढून ठेवा.
आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून:
काय सोडायचं ते घरूनच ठरवून जा.
घाटावर सुचत नाही.

काशीला आपल्या आवडीचं एक काही सोडून यायचं असतं,
फळ, नाहीतर भाजी.
पुन्हा जन्मात तोंडात घालायचं नाही.

आईचं ठरलेलं होतं.
"सीताफळ."
"तुला कधीपासून आवडतं सीताफळ?"
बाबा, पेपराच्या आडून.
"आणलंत कधी, म्हणून कळेल?"

आठ वाजून एक मिनिट.
पडद्यावर चक्र फिरतंय,
आम्ही तिघंही त्याच्याकडे
आरतीच्या ताटाकडे बघावं तसं बघतोय.
उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं,
"बाबा, तुमचं काय?"

"कांदा."

मी हसले. आईही हसली.
बुक्कीने फोडलेल्या कांद्याशिवाय
ज्या माणसाला पिठलं उतरत नाही,
जो लग्नाच्या पंगतीतही वाढप्याला हळूच बोलावून
कानात कांदा मागतो,
तो.
मग आई थांबली. मी एकटीच हसत राहिले थोडा वेळ.

चौतीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात
ट्रकमधून गाळ्यात, गाळ्यातून टेम्पोत.
कॉलरच्या खाली, मानेवर एक गाठ आहे त्यांना,
सुपारीहून मोठी, लिंबाहून लहान.
लहानपणी मी पाठीवर चढून ती दाबायचे.
दुखतं का?
छे, ते बटण आहे. दाब, मी उभा राहतो.
आणि खरंच उभे राहायचे,
मला घेऊन,
बाजारातून आल्या आल्या.

"अहो, कांदा सोडून खाणार काय?"
"खाण्याचं नाही गं," बाबा म्हणाले.
पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
"रात्री उचलतो ना अजून."

मला हे ठाऊक नव्हतं.
आईला होतं. ती शेजारी झोपते.
म्हणाली, मोजतात झोपेत.
परवा एकशे बारापर्यंत गेले होते.
मीच मग कुशीवर वळवते,
म्हणते, झाला ट्रक रिकामा, झोपा.

काकूंच्या पानावर
याच्याबद्दल काही लिहिलेलं नाही.
पाण्यात उभं राहून तोंडाने काय म्हणायचं,
भटजीला सांगायचं तरी कसं,
आणि वरच्याला चालतं का असलं काही.

चक्र थांबलं.
एक बर्थ खालचा, एक वरचा.
"वरचा मला," आई म्हणाली,
गुडघ्याचं विसरूनच गेली.

पैसे कापले गेल्याचा मेसेज आला.
खालून इस्त्रीवाल्याने कुणाला तरी हाक मारली.
बाबा उठून टोपलीपाशी गेले.
एक कांदा घेतला, अंगठ्याने मान दाबून पाहिली,
ठेवला. दुसरा घेतला.
"पोह्यांत घाल," आईला म्हणाले.
"साठ दिवस आहेत अजून."