बोट घालीसन दख

वीज दुपारीच गेली.
कौतिकबाईच्या गिरणीत सतरा डबे रांगेत,
बहुतेक कळण्याचे.
जुना पंप काढून गोणपाटावर ठेवला;
प्लंजर इतका झिजलेला
की उभा धरला तर आपल्याच वजनाने खाली यायचा.

नवा धुळ्याहून आला, पारोळ्याच्या एस.टी.त,
ड्रायव्हरच्या सीटमागे, तेलकट कागदात.

फ्लायव्हील हाताने, इंच इंच.
नळीच्या तोंडाशी डोळा.
डिझेल फुगतं, थबकतं,
आणि जिथं हलतं तिथं खडूची रेघ.
रेघ खुणेच्या अलीकडे पडली, बोटभर.
म्हणजे अजून एक पत्री खाली.
पुन्हा इंच इंच.

नट आवळताना पान्हा थांबला.
हिलाल मिस्तरी जाऊन नऊ वर्षं झाली, तरी:
"पिन काटामा बसनी का? बोट घालीसन दख."

एकदा मी न बघताच हो म्हणालो होतो.
इंजिन सुटलं. भिंतीवरचे पत्रे वाजू लागले,
बाया डबे टाकून रस्त्यावर.
मिस्तरीने अंगातला सदरा ओढून काढला,
हवेच्या तोंडात कोंबला.
मग उघड्या अंगाने बाजेवर बसून
चहा प्यायला. अर्धा मला दिला.
बोलला काही नाही.

बोट घातलं. पिन काट्यात.
नळीचा नट सैल केला:
फेस, बुडबुडे, फेस,
मग नुसतं डिझेल.

चौथ्या हॅंडलला धरलं,
आवाज हळूहळू एका चालीवर आला.
"पहिला डबा कोना?" कौतिकबाई ओरडली.

सदऱ्याची बटणं
मी मघाशीच सोडून ठेवली होती.
ती लावली.