गाळ

उपाध्यांनी बस्तीच्या पायरीवर यादी वाचली:
फावडी चौदा, खराटे वीस, फिनेल दोन कॅन,
आणि शेवटी ‘पंपवाला’ म्हणून माझं नाव.
मी उद्यमनगरात लेथ चालवतो.
रात्री अकराला गाड्यावर डबल ऑम्लेट खातो,
हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे,
उरलेल्या निम्म्यांना वासावरून कळतं.
तरी टेम्पोत कुंतिनाथ आवटीनं
सरकून जागा दिली.

चिखलीत पाणी उतरून तीन दिवस झालेले.
भिंतींवर दोन रेघा. वरची एकोणीसची,
खालची यंदाची.
‘औंदा कमीच आलं,’ एक म्हातारा सांगत होता,
जणू दरसालचा पाहुणा
चार माणसं कमी घेऊन आला.

पद्माक्का मगदूम आयुष्यभर
दुहेरी फडक्यातून पाणी गाळून प्यायल्या.
आता अख्खी पंचगंगा
न गाळताच घराघरांत शिरून गेलेली
आणि मागं राहिला तो नुसता गाळ.
गुडघाभर. ओल्या गोणपाटाच्या वासाचा.
त्यांनी आधी फावडं घेतलं नाही.
वाकल्या, आणि बोटांनी
एकेक गांडूळ उचलून तांब्यात ठेवू लागल्या.

‘अक्का, अशानं दिवाळी उजाडंल.’
‘उजाडू दे.’
मग स्वतःच हिशोब केला असावा: ऊन, घरं, माणसं.
तांब्या बांधावर रिकामा करून आल्या,
पदराला हात पुसून फिनेलचं बूच उघडलं.
ओतताना ओठ हलत होते.
णमोकार असेल, माफी असेल,
किंवा नुसतं माप मोजत असतील.
मी विचारलं नाही.

सातवं घर नव्हतं, दुकान होतं.
पत्र्याची पाटी पडलेली, तिच्यावर अर्धा कोंबडा शिल्लक.
इलाही मुल्लाणी दारात आडवा झाला.
‘हितं नको अक्का. आत फ्रीज हाय.
लाइट जाऊन धा दिवस झालं.
तुमास्नी चालायचं न्हाई. आमी बघतो.’
आमी म्हणजे तो आणि एक नऊ वर्षांचं पोरगं.

उपाध्ये उगाच चष्मा पुसू लागले.
टेम्पोवरचा बॅनर फडफडला,
त्यावरचे तीन शब्द सगळ्यांना पाठ होते.

मी पुढं झालो. म्हटलं, मला चालतंय.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
ते ऑम्लेट कुणाच्या उपयोगी पडत होतं.
फ्रीज उघडला
आणि मलाही चालत नव्हतं.
दुकानामागं जाऊन ओकलो.

परत आलो तर पद्माक्का आत.
नाकाला पदर, डोळ्यांत पाणी,
हातात घमेलं, घमेल्यात ते.
पोराला सांगत होत्या,
‘खड्डा खोल काढ रे, कुत्री उकरतील.’

इलाही भिंतीकडं तोंड करून उभा.
सुरे तेवढे त्यानं आम्हाला धुऊ दिले नाहीत.
स्वतः धुतले, पुसले,
कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले.
परवा-तेरवा लागणारच होते.
अक्कांनी पाहिलं, आणि खराटा उचलला.

पावणेसातला उपाध्ये ओरडले,
दिवस बुडतोय, जेवून घ्या.
पोरगं टँकरची कळशी घेऊन आलं.
अक्कांनी कमरेचं फडकं सोडलं.
सकाळपासून पुसून पुसून
ते पाण्याहून मळलेलं.
नुसत्याच बघत राहिल्या त्याच्याकडं.
पोरगं माळ्यावर चढलं,
डब्यातून कोरा रुमाल काढून आणला,
कळशीच्या तोंडावर धरला.
‘दुहेरी कर,’ अक्का म्हणाल्या. त्यानं केला.
थेंब थेंब पाणी गळत राहिलं,
तोवर प्रयागाच्या बाजूला सूर्य गेला होता.

आता अक्कांना पाणीसुद्धा वर्ज्य.
त्यांनी ते गाळलेलं पाणी
पोराच्या हातांवर ओतलं, कोपरापर्यंत,
नखं चोळून चोळून.
कुंतिनाथनं डबा पुढं केला, मी नको म्हणालो.

रात्री अकराला गाड्यापाशी थांबलो.
मामांनी न विचारता दोन अंडी काढली.
मी म्हटलं, जरा थांबा.
किती वेळ, ते त्यांनी विचारलं.
मी अजून हात हुंगत होतो.